सोनाबाईच्या तारखा

कर्जतच्या कचेरीत मागच्या भिंतीला लागून एक लांब बाकडं होतं. साक्षीला आलेली, जामीन राहायला आलेली, नाहीतर नुसतीच उन्हातून सावलीला टेकलेली माणसं तिथं बसत. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्या दिवसांत दोन-अडीच वर्षं त्या बाकड्याच्या खिडकीकडच्या टोकाला भिसेगावची सोनाबाई बसलेली दिसायची. तिची स्वतःची केस नव्हती. ती कुणाची साक्षीदार नव्हती की कुणाची नातेवाईक नव्हती. सकाळची भाकरी उरकून ती रूळ ओलांडायची, कचेरीच्या पायऱ्या चढायची आणि पुकारा होईपर्यंत पदर सावरून गप्प बसायची. नव्यानं बदलून आलेले कारकून विचारत, ही बाई कोण? जुने सांगत, असू द्या, ती येते.

ती का येते हे सांगायचं तर तिच्या लेकीपासून सुरुवात करावी लागेल.

सोनाबाईचे दोन मुलगे लहानपणीच तापानं गेले. एक लेक सुंदरा तेवढी जगली. नवरा येसाजी. नदीकडे भाताची जमीन, घरचे बैल, भावकीत कुणाचं भांडण झालं की मिटवायला येसाजीला बोलावणं यायचं. अशा घरच्या एकुलत्या लेकीला स्थळ चांगलंच मिळालं. खोपोलीजवळच्या साजगावचा धाकलू. अंगानं मजबूत, बोलायला गोड, जत्रेत सासुरवाडीच्या माणसांना हाताला धरून जेवायला नेणारा. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत सुंदरा माहेरी आली तेव्हा सोनाबाईनं तिच्या पाठीला तेल लावायला हात नेला, आणि हात तिथंच थांबला.

"हे काय गं?"

"जळान आनताना पडले," सुंदरा म्हणाली.

दुसऱ्या खेपेला तिनं पडल्याचं सांगितलं नाही. तिसऱ्या खेपेला ती भर आषाढात आली. आठ महिन्यांची पोर पोटाशी बांधलेली, अंगावरचं लुगडं चिखलानं जड झालेलं. खोपोलीहून रुळांच्या कडेकडेनं चालत आली होती. कानाच्या मागं रक्त सुकलं होतं.

"आये, मला हितंच राहू दे," ती म्हणाली. "गोठ्यात राहीन. तुमच्या ताटातलं नको मला."

"बाबाला इचारते," सोनाबाई म्हणाली.

येसाजी ओटीवर बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. लेकीकडं न बघताच तो म्हणाला, "नवरा-बायकोत व्हतंच. उंद्या सकाळच्या गाडीनं पोचवून येतो. दुसऱ्यांची भांडनं मी मिटवतो, आन् माजीच लेक घरात बसवून ठेवू?"

सकाळी तो तिला घेऊन गेला. सोनाबाईनं भाकरी बांधून दिली, पोरीच्या कपाळाला काजळाचं बोट लावलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी सुंदरानं पोरीला पोटाशी बांधून शेतातल्या विहिरीत उडी टाकली. पलीकडच्या बांधावर लावणी करणाऱ्या माणसांनी तिला बाहेर काढलं. ती जगली. पोर मेली.

सुंदरावर खुनाचा खटला भरला. खालापूरच्या लहान कोर्टात महालकऱ्यापुढं तो चालण्यासारखा नव्हता, म्हणून तिला कर्जतच्या मॅजिस्ट्रेटसमोर आणलं. भिसेगावातून कचेरी म्हणजे पाव तासाची वाट. पण येसाजीनं घरात सांगून टाकलं, "आपली लेक मेली. ह्या घरातल्या कुनीबी कचेरीची पायरी चढायची नाय. चढंल त्यानं माघारी येऊ नये."

चार तारखा झाल्या. चारही वेळा सोनाबाई शेतात होती. बेणणी चालली होती, गुडघाभर पाण्यात वाकून ती तण उपटत होती. गावातलं कुणीतरी जाता जाता सांगायचं, आज तुझ्या लेकीची तारीख होती बरं का. ती मान वर करायची नाही. पुढं खटला वरच्या कोर्टात गेला, आणि दिवाळीनंतर कळलं की सुंदराला जन्मठेप झाली. तिला घाटावरच्या तुरुंगात नेलं.

आता यातली एक गोष्ट राहिली. ती सोनाबाईनं पुढं बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही, पण ती सांगितल्याशिवाय तिची हकिगत पुरी होत नाही.

पुढच्या वैशाखात शेलूचा आबाजी नावाचा एक गृहस्थ भिसेगावला आला. साधा, कष्टाळू माणूस. बोलताना सारखा उपरण्यानं कपाळ पुसायचा. त्याच्या मोतीबाई नावाच्या लेकीला धाकलूकडून मागणी आली होती. पहिल्या बायकोचं ऐकून त्याच्या मनात पाल चुकचुकली होती, म्हणून तो पहिल्या सासऱ्यालाच विचारायला आला.

"खरं सांगा दादा," तो येसाजीला म्हणाला. "पोरीच्या जल्माचा सवाल हाय. मानूस कसा हाय?"

येसाजीनं पानाची चंची सोडली. धाकलू वाईट आहे असं म्हणावं, तर मग माहीत असून लेकीला परत का धाडलीस, हे विचारायला जग मोकळं होतं. तो म्हणाला, "मानूस चांगला हाय. आमच्याच लेकीचं डोकं फिरलं व्हतं."

सोनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. आबाजीनं तांब्या घेतला आणि तिच्याकडं बघून विचारलं, "काय बाय, असंच ना?"

येसाजीनं बायकोकडं पाहिलं. सोनाबाईच्या डोळ्यांपुढं ती पाठ आली. तिनं मान खाली घातली आणि आत निघून गेली. आबाजीला वाटलं, होच म्हणाली. जेठ लागायच्या आत लग्न झालं.

सुंदरा तुरुंगात दीड वर्ष जगली. फाल्गुनात तिच्या मरणाचा कागद कचेरीत आला, आणि तो घेऊन गोमा पट्टेवाला भिसेगावात आला. गोमा हा उतारवयाचा, खणखणीत आवाजाचा माणूस. कचेरीतला पुकारा तोच करायचा. येसाजी घरी नव्हता. गोमानं सोनाबाईला कागद वाचून दाखवला, तिचा अंगठा घेतला. ती रडली नाही. नुसतं विचारलं, "दादा, तुमी तिला बगितलं व्हतं?"

"बगितलं तर! चारी तारखांना पुकारा मीच केला."

"काय बोलली?"

"काय बी नाय. साहेबांनी इचारलं, गुन्हा कबूल हाय का? तर म्हनाली, पोर माजी व्हती. बस." गोमानं कागदाची घडी केली. मग त्याला राहवलं नाही. "एक सांगतो सोनाबाय. मी चाळीस साल हे काम करतोय. कैदी साहेबाकडं बगतो, नायतर खाली बगतो. तुजी लेक दाराकडं बगायची. कुनी आत आलं की मान वळवायची. मला वाटायचं, कुनीतरी येनार असंल. चवथ्या तारखेला तिनं बगायचं सोडलं."

एवढं सांगून तो गेला. बोलायला नको होतं असं त्याला वाटेत वाटलं म्हणे, पण शब्द तोंडातून गेला होता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सोनाबाई उठली, भाकरी केली, येसाजीचं ताट झाकून ठेवलं आणि पदर घेऊन निघाली.

"कुठं?" येसाजीनं विचारलं.

"कचेरीत."

"आता कशाला? ती मेली."

"म्हाईत हाय," ती म्हणाली, आणि गेली. माघारी आली तेव्हा दार उघडंच होतं. तेव्हापासून त्या घरातलं बोलणं भाताच्या, बैलांच्या, मीठ-मिरचीच्या पलीकडे कधी गेलं नाही.

पहिल्या दिवशी गोमानं तिला दारात अडवलं. "बाय, हितं तुजं काय काम?"

"ज्यांचं कुनी नाय आलं, त्यांच्यासाठी बसते. बसू द्याल का?"

गोमा आत जाऊन शिरस्तेदाराशी बोलला. शिरस्तेदार चष्म्यावरून बघत म्हणाला, कोर्ट सगळ्यांना उघडं आहे, गडबड करू नको म्हणावं. तेव्हापासून ती जागा तिची झाली.

त्या बाकड्यावरून तिनं पुष्कळ पाहिलं. रानातली लाकडं तोडली म्हणून धरलेली बुधी नावाची कातकरीण, कडेवरचं मूल घेऊनच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती. मूल रडलं की साहेब लिहायचे थांबत. स्टेशनात गोणी फोडताना सापडलेला, उत्तरेकडून आलेला एक परदेशी हमाल, त्याला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. तो प्रत्येकाच्या तोंडाकडं बघून हात जोडायचा. भावाच्या डोक्यात कुऱ्हाड घालून स्वतःच चौकीवर गेलेला एक म्हातारा. ही माणसं कधी ना कधी मागं वळून बघत. सोनाबाई तेव्हा मान हलवायची. एवढंच. बुधी जाताना तिच्यासमोर थांबली आणि पुढं गेली. हमालानं तर तिला कुणी सरकारी बाई समजून पाया पडायचा प्रयत्न केला, शिपायानं त्याला ओढून नेलं. काहीजण तिच्याकडं ढुंकूनही बघत नसत. त्यांच्या शिक्षा तिच्या बसण्यानं एका दिवसानंही कमी झाल्या नाहीत, आणि हे तिला कळत होतं.

गावात नाना तऱ्हेचं बोललं जायचं. कुणी म्हणे, लेकीच्या दुःखानं चळली. पाणवठ्यावरच्या बायका म्हणत, दुसऱ्याची बरबादी बघितल्याशिवाय हिला भाकर गोड लागत नाही. सोनाबाई घागर भरून निघून यायची. तिला स्वतःला एवढंच वाटायचं, की त्या बाकड्यावर बसलं म्हणजे छातीतली कळ थोडी कमी होते. घरी आलं की ती परत सुरू व्हायची.

लढाईचं पाचवं वर्ष चालू होतं. भात मळून झालं होतं, सरकारला सक्तीनं द्यायचं लेव्हीचं भात गोदामात चाललं होतं. एका दुपारी कचेरीतून निघताना गोमानं तिला हाक मारली.

"सोनाबाय, उंद्या येऊ नको."

"का वो?"

"नको म्हनतो ना."

"कुनाची तारीख हाय?"

गोमानं आजूबाजूला बघितलं. "साजगावची. तुज्या जावयाची. दुसरी बायकू मेली त्याची. मारून टाकली म्हनतात. पंचनामा, डाक्टर, समदं झालंय."

सोनाबाई पायरीवर बसली. गोमानं आतून पाणी आणून दिलं, ते तिनं हातात धरलं आणि तसंच राहू दिलं. "तिची आई हाय का जित्ती?" तिनं विचारलं.

"आई हाय. बाप गेल्या साली गेला. शेलूची हायेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी मालगाडी उभी होती. तिच्यावर ताडपत्रीनं झाकलेल्या लष्करी गाड्या घाटाकडे निघाल्या होत्या. गाडी हलेपर्यंत सोनाबाई रुळाच्या अलीकडे उभी राहिली. तेवढ्या वेळात परत फिरावं असं तिच्या मनात दोनदा आलं. ज्यांचं कुणी येत नाही त्यांच्यासाठी बसते, असं ती तोंडानं म्हणाली होती. धाकलूचे आईबाप मेलेले, भाऊ केव्हाचाच वेगळा झालेला. त्याच्यासाठी कुणी येणार नव्हतं. त्याच्यासाठी आपण चाललोय का? का त्याला पिंजऱ्यात बघायला चाललोय? तिला धड काही सांगता आलं नसतं. गाडी गेली, आणि पाय कचेरीकडेच वळले.

बाकड्यावर तिच्या जागेशेजारी एक बाई बसली होती. हडकुळी, साठीला टेकलेली, मोकळं कपाळ, हातात एक गाठोडं. सोनाबाईनं तिला कधी पाहिलं नव्हतं, पण ती कोण ते ओळखलं. ती सरकून बसली. बाईनं विचारलं, "तुमची बी तारीख हाय का, बाय?"

"नाय," सोनाबाई म्हणाली. "मी नुसती बसते."

"माज्या लेकीची हाय. म्हंजे, माजी लेक मेली ना, तिची. अंबाबाई म्हनतात मला. आज माजी जबानी हाय. काय इचारत्यात वो?"

"नाव इचारत्यात. गाव इचारत्यात. आठवंल तेवडं सांगायचं. घाबरायचं नाय."

"बरं झालं बाय तुमी बाजूला हाव," अंबाबाई म्हणाली आणि गाठोडं दोघींच्या मधे ठेवलं.

गोमाचा पुकारा झाला. दोन शिपायांनी धाकलूला आणून पिंजऱ्यात उभं केलं. तो जाड झाला होता, दाढी वाढली होती. आधी डॉक्टर उभा राहिला. त्यानं कागदावर बघत, जखमा कुठं, किती बोटं लांब, नव्या कुठल्या आणि जुन्या कुठल्या ते सांगितलं. पाठीवर जुने वळ, बऱ्या झालेल्या खुणा, डाव्या कानामागं जुनी खोक. सोनाबाईचा हात आपोआप स्वतःच्या कानामागं गेला. अंबाबाईला ते मराठी-इंग्रजी मिसळलेलं बोलणं नीट कळत नव्हतं. ती हळूच विचारायची, "काय म्हनतोय?" सोनाबाईनं सांगितलं नाही.

मग अंबाबाईची जबानी झाली. ती उभी राहिली आणि नीट बोलली. लेक दोनदा माहेरी आली होती, नवरा मारतो म्हणाली होती, बाप असताना त्यानं जावयाला बोलावून समजावलं, जावयानं पायावर हात ठेवून शपथ घेतली, म्हणून परत धाडली. मग साहेबांनी आरोपीला विचारलं, ह्या साक्षीदाराला काही विचारायचं आहे का? वकील नव्हता त्याच्याकडे. धाकलूनं मान हलवून नाही म्हटलं, आणि जबानी संपवून बाकड्याकडं चाललेल्या अंबाबाईच्या मागोमाग त्याची नजर फिरली. ती सोनाबाईवर येऊन थांबली.

त्याचं तोंड एकदम उजळलं.

"मामी!" तो मोठ्यानं म्हणाला. "मामी, तुमी आलाव? माज्यासाठी कुनीतरी आलं!"

शिपायानं त्याला गप्प केलं. साहेबांनी वर बघितलं, काहीतरी लिहिलं आणि दुपारच्या सुट्टीसाठी कोर्ट उठलं.

अंबाबाईनं बाकड्यावरचं गाठोडं उचललं. ती बाहेर चिंचेखाली गेली. सोनाबाई तिच्या मागोमाग गेली.

"तू कोन गं त्याची?" अंबाबाईनं विचारलं.

"पयल्या बायकोची आई. भिसेगावची."

अंबाबाई म्हणाली, "माजा नवरा तुमच्या घरी आला व्हता. इचारायला."

"व्हय."

"त्यानं घरी येऊन सांगितलं, बाप चांगला म्हनतोय. मी म्हनले, बापाचं सोडा, आई काय म्हनाली? त्यो म्हनाला, आईनं बी मान हलवली."

"मी मान हलवली नाय," सोनाबाई म्हणाली. "मी खाली घातली. पन मला म्हाईत व्हतं. माजी लेक तीनदा आली व्हती. तिची पाठ मी बगितली व्हती. तुमच्या मानसानं मला तोंडावर इचारलं, आन् मी आत निघून गेले."

झाडाखाली दुसरीही माणसं भाकऱ्या सोडून बसली होती. अंबाबाईनं आवाज चढवला नाही. "का?" एवढंच म्हणाली.

सोनाबाईला पुष्कळ कारणं सांगता आली असती. नवऱ्याची भीती, भावकीची लाज, लेक तुरुंगात असल्याचं दुःख.

"हितं कशाला बसतीस रोज? मला त्यो पट्टेवाला सांगत व्हता, लय पुन्याची बाई हाय म्हनून. ज्यांचं कुनी नाय त्यांच्यासाठी बसते म्हनं." अंबाबाईनं गाठोड्याची गाठ आवळली. "तू त्यांच्यासाठी नाय बसत. तू तुज्यासाठी बसतीस. तुला बरं वाटावं म्हनून. माज्या मोतीसाठी एक शब्द बोलली असतीस, बसायची गरज नव्हती."

ती झाडाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली आणि भाकरी न सोडताच गाठोडं मांडीवर घेऊन राहिली.

दुपारनंतर कोर्ट भरलं तेव्हा अंबाबाई बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. मधली जागा रिकामी राहिली. सरकारी वकील उभे राहिले, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत सोनाबाई उठली. अडीच वर्षांत तिनं त्या खोलीत आवाज काढला नव्हता.

"साहेब, मला जबानी द्यायची हाय."

गोमा दारातून धावत आला. "सोनाबाय, बस खाली."

साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. मध्यम वयाचे, दमलेल्या चेहऱ्याचे गृहस्थ होते ते. "काय सांगायचं आहे, बाई?"

"ह्यो मारतो, साहेब. माज्या लेकीला बी असाच मारायचा. कानामागं. पाठीत. मी डोळ्यांनी बगितलंय. ती सोता नाय पडली हिरीत. ह्यानं पाडली."

धाकलूच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. त्यानं पिंजऱ्याचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. सरकारी वकील साहेबांजवळ जाऊन खालच्या आवाजात इंग्रजीत बोलले. साहेबांनी ऐकून घेतलं.

"तुमच्या मुलीचा खटला केव्हाच निकालात निघाला," ते सोनाबाईला म्हणाले. "ह्या खटल्यात ते घेता येत नाही. तुम्ही हे तेव्हा का सांगितलं नाहीत?"

"तवा मी आले नव्हते."

"का?"

सोनाबाई उभीच राहिली. साहेबांनी थोडी वाट पाहिली, मग म्हणाले, "बसा, बाई." त्यांनी कागदावर काहीही लिहिलं नाही. तिचं बोलणं त्या खोलीत बोललं गेलं आणि तिथंच राहिलं.

खटला वरच्या कोर्टाकडे पाठवला गेला. शिमग्याच्या आसपास निकाल लागला. तिथं धाकलूला सरकारनं वकील दिला होता. त्यानं म्हणे असं मांडलं की भांडण अचानक पेटलं, मारायचा हेतू नव्हता. सात वर्षं सक्तमजुरी झाली. गोमानं ही बातमी भिसेगावात आणली तेव्हा सोनाबाई उखळात भात सडत होती.

"सात," ती म्हणाली. "माज्या पोरीला जल्माची. ह्याला सात." आणि तिनं मुसळ परत उचललं.

कोर्टात बोलली त्या दिवसानंतर ती कचेरीत गेली नाही. गोमानं दोनदा निरोप धाडला. एकदा सांगितलं, एक बाई आहे, नवऱ्याला विष घातल्याचा आळ आहे, कुणी सोबत नाही. सोनाबाईनं निरोप आणणाऱ्याला सांगितलं, "जमनार नाय म्हनावं." येसाजी ओटीवर बसून ऐकत होता. तो म्हणाला, "बरं केलंस. उगाच तिथं उभी राहून बोललीस. चार मानसांत आपली अब्रू गेली."

सोनाबाई त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. लग्नाला तीस वर्षं झाली होती, अशी ती कधी उभी राहिली नव्हती.

"शेलूचा मानूस आला व्हता तवा तुमी खोटं बोललाव," ती म्हणाली. "आन् मी गप बसले. त्या पोरीला आपुन दोगांनी मारलं. धाकलूनं मंग मारलं."

येसाजीचा हात पानाच्या चंचीवर तसाच राहिला. संध्याकाळी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जेवला. त्यानंतर भावकीत कुणाचं भांडण झालं आणि बोलावणं आलं, तर तो, बरं वाटत नाही, असं सांगून घरी राहू लागला. पुढच्या पावसाळ्यात त्याला हिवताप आला. क्विनीन मिळणं मुश्कील होतं. भाद्रपदात तो गेला.

वर्षश्राद्ध झाल्यावर एक दिवस सोनाबाईनं पदराला थोडे तांदळाचे लाडू बांधले, कर्जतहून गाडीनं नेरळला उतरली आणि चालत शेलूला गेली. घर विचारत विचारत सापडलं. अंगणात वाळवण घातलं होतं. अंबाबाई काठी घेऊन कोंबड्या हाकत होती. तिनं सोनाबाईला येताना पाहिलं, ओळखलं, काठी भिंतीला टेकवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

सोनाबाई अंगणाच्या कडेला दगडावर बसली. दार वाजवलं नाही, हाक मारली नाही. ऊन तिच्या पाठीवर आलं, मग डोक्यावर आलं. कोंबड्या वाळवणात शिरल्या की ती उठून त्यांना हाकायची आणि परत बसायची. शेजारची एक बाई कुंपणावरून बघून गेली.

दुपार कलली तेव्हा आतून आवाज आला.

"पानी प्यायचं आसंल तर रांजनात हाय."

सोनाबाईनं उठून रांजणातून वाटी भरली आणि पाणी प्यायली. लाडू पडवीच्या कठड्यावर ठेवले. दार उघडलं नाही. गाडीची वेळ होत आली, तशी ती निघाली. नेरळपर्यंत तासाभराची वाट होती, आणि तिला आता पूर्वीसारखं भरभर चालवत नव्हतं.